झोळी आत जाईल अशी गाडी

शौकत मिस्त्रीशी मी सतरा दिवस एक शब्द बोललो नव्हतो. एकाच गाडीवर, एकाच पत्र्याच्या छपराखाली, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आम्ही दोघे असायचो आणि मधे निरोप्या म्हणून जगदीश सुतार होता. "त्याले सांग, मन्हा डबा सरकाव," असं मी जगदीशला म्हणायचो. जगदीशने तोंड उघडायच्या आत शौकत डबा सरकवायचा, त्यामुळे मला जास्तच राग यायचा. आज त्याच माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलोय, तेव्हा हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी रतिलाल, पेंटर. विसरवाडीच्या चौफुलीवरून सुरतेकडे निघालं की थोड्याच अंतरावर योगेंद्रभाईंचं बॉडीचं आवार लागतं. कंपनीकडून नुसती चॅसिस येते, म्हणजे चाकं, इंजिन, केबिन आणि मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या. त्याच्यावर ट्रकचं अंग आम्ही चढवतो. योगेंद्रभाई तापीकाठच्या गुजर घरातले, घरी केळी आणि ऊस. स्वतःच्या उसासाठी ट्रक बांधून घेता घेता त्यांनी आवारच थाटलं. माणूस मनाने मोठा, पण काम बघायचं ते ऑफिसच्या खिडकीतून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आवारात चार छपरं आणि चार खाती. पहिलं वेल्डिंगचं, तिथे शौकत आणि हाताखाली नऊ जण. दुसरं सुतारकामाचं, जगदीशचं. तिसरं वायरिंगचं, तिथे भूपेंद्र. आणि शेवटचं माझं, रंगाचं. गाडी या छपरातून त्या छपरात ढकलत न्यायची. ज्याचं काम झालं तो हात झटकून मोकळा. माझ्या छपरात येईपर्यंत गाडीला तिघांचे हात लागलेले असायचे आणि तिघांच्या चुका मी रंगाखाली झाकायच्या, असा रिवाज होता. बरं, झाकून तरी सुटका? एकदा एका केळीच्या गाडीच्या मागे मी दोन दिवस बसून मोर काढला. पिसाऱ्याचे डोळे मोजून चोवीस. गाडी निघायच्या सकाळी भूपेंद्रला आठवलं की मागच्या दिव्याची वायर राहिली. त्याने ड्रिल घेतलं आणि मोराच्या पोटातून भोक पाडलं. मी भांडायला गेलो तर म्हणतो, "मन्हा कागदवर दिवा तठेच शे." कागदावर होताच. प्रत्येकाचा कागद बरोबर होता आणि मोर आतड्यासकट फाटला होता.

शौकतचं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. नवापूरचा. बाप बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, हा ट्रकांवर आला. घरात उर्दू, आवारात आमच्यासारखीच अहिराणी. लोखंडावर टाका असा घालायचा की वरून बोट फिरवलं तरी जोड कळू नये. दोष नव्हते असं नाही. चहा गार झाला तर फेकून द्यायचा, कोणी आणला हेही बघायचा नाही. आणि एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते काढू शकत नसे. पण वेल्डिंग खातं सगळ्यात मोठं, त्यामुळे आवारात त्याचा शब्द चालायचा. योगेंद्रभाईसुद्धा त्याला 'शौकतभाई' म्हणायचे, मला नुसतं 'पेंटर'.

त्या वर्षी एका ट्रस्टने फिरत्या दवाखान्याची गाडी बांधायला दिली. गाडी डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यांसाठी होती. ट्रस्टच्या डॉक्टर हेमांगीताईंनी नकाशा दिला, आम्ही चौघांनी आपापला कागद उतरवून घेतला आणि गाडी छपरांतून फिरली. शौकतने बाजूला तीस इंची दार केलं. जगदीशने खाट आणि औषधांचं कपाट बसवलं. भूपेंद्रने दिवे, पंखा लावला. मी पांढरा रंग असा दिला की त्यात बघून भांग पाडावा. तयार गाडी बघायला हेमांगीताई आल्या, त्यांच्याबरोबर धनुबाई आणि तिचा भाचा जामसिंग.

धनुबाई मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरची दाई. साठीच्या आसपासची, काटक, केस घट्ट बांधलेले. घरची बोली वेगळी, पण बाजारहाट करता करता शिकलेली अहिराणी तिला चांगली येत होती. जामसिंगच्या खांद्यावर दहा फुटी बांबू होता आणि बांबूला बांधलेली गोधडीची झोळी. वरच्या पाड्यांवरून आजारी माणूस येतो तो असाच. रस्ता नाही, तेव्हा माणसाला झोळीत घालायचं, बांबू दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि डोंगर उतरायचा.

धनुबाईने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग जामसिंगला म्हणाली, ने आत. जामसिंग दारापाशी गेला. पायरी ट्रकच्या मापाची, म्हणजे त्याच्या मांडीएवढी उंच. कसाबसा चढला आणि बांबू अडला. गाडी सहा फूट रुंद, बांबू दहा फूट लांब, दार बाजूला. आडवा जाईना, तिरपा जाईना. उभा करावा तर झोळीतलं माणूस उभं होणार.

मग सुरू झालं. शौकत म्हणाला दार तीस इंच, मोजून घ्या. जगदीशने खाटेला टेप लावून दाखवला. भूपेंद्रने पंखा सुरू करून दाखवला, का ते त्यालाच ठाऊक. मीही म्हणालो की रंगात कुठे ओघळ दिसला तर पैसे परत. ताईंनी स्वतःचा नकाशा उलटा करून पाहिला. सगळ्यांची मापं बरोबर होती.

"चालता माणूससाठे शे ही गाडी," धनुबाई म्हणाली. "चालता माणूसले गाडी काय करनी शे?"

मग तिने तिच्या सुनेचं सांगितलं. आदल्या साली सून बाळंतपणात अडली होती. चार तास झोळी वाहून रस्त्यावर आणली, तिथे एक पिकअप उभी होती. पण झोळी गाडीत जाईना. मग झोळी दगडांवर ठेवली, सोडली, दोघांनी तिचे हात धरले, दोघांनी पाय. "भुईवर ठेवी तवय जिती व्हती," ती म्हणाली. "वर चढाडता चढाडता गयी." हे सांगताना ती रडली नाही. आम्हीच खाली बघत होतो.

हेमांगीताईंनी तीन आठवडे दिले. पाऊस लागला की घाटातली वाट कधी असते, कधी नसते. त्याआधी गाडी मोलगीला पोहोचली तर पावसाळाभर वर राहणार होती, नाही तर वर्ष फुकट. आणि झोळी जमिनीवर न ठेवता आत गेली तरच गाडी नेणार, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता नेहमीचा शिरस्ता असा, की दाराची चूक म्हणून गाडी शौकतच्या छपरात परत जायची आणि आम्ही बाकीचे मूग गिळून आपल्या कामाला लागायचो. पण त्याच दुपारी शौकत ऑफिसात गेला. मी बाहेर ब्रश धूत होतो, सगळं ऐकलं.

"भाई, ही गाडी कोनी शे?"

"कोनी म्हणजे? ट्रस्टनी," योगेंद्रभाई म्हणाले.

"तसं नही. आपला आवारमा कोनी शे? दार मन्हं, खाट जगदीशनी, दिवा भूपेंद्रना, रंग रतिलालना. गाडी कोनीच नही."

मग त्याने जे मागितलं, त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही गाडी कुठल्याच छपरात न्यायची नाही, मधल्या मोकळ्या छपराखाली उभी ठेवायची. चारही खात्यांतून एकेक माणूस काढायचा आणि गाडी हातावेगळी होईपर्यंत त्याने दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आणि माणूस म्हणजे हाताखालचा नाही, चारही मिस्त्री स्वतः. छपरं दुसऱ्यांकडे सोपवायची. बरं, गाडीचा शेवटचा शब्द कोणाचा? धनुबाईचा! तिची राहायची सोय शौकतच्या घरी, त्याची बायको सालेहा करणार.

"आनि तुन्हं खातं?" योगेंद्रभाईंनी विचारलं.

"पुतण्या देखी."

नऊ माणसांवरचा अंमल त्याने एका वाक्यात सोडला. आज मला ते मोठं वाटतं. त्या दिवशी वाटलं, म्हातारा बिघडला.

मी शौकतला आवारातच गाठलं. म्हटलं, रंग शेवटी लागतो. पहिल्या दिवशी मी तिथे काय करू, आरती ओवाळू? वरातीमागून घोडं ऐकलं होतं, तू तर वरात ठरायच्या आधीच घोडं दारात बांधतोस. माझ्या छपरात तीन गाड्या उभ्या आहेत, पोरांना ब्रश धरता येत नाही.

"देखत बठ," तो म्हणाला. "रंग देवाना आधी गाडी देख."

चोवीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला हा म्हणतो बघत बस! तिथून आमचं बोलणं बंद झालं.

पहिले काही दिवस मी खरोखर बसूनच होतो. एका उलट्या डब्यावर. पण बसलेल्या माणसाला दिसतं फार. मला दिसलं की भूपेंद्र वायर ओढायच्या आधी शौकतला विचारतो, इथे टाका येणार का? पूर्वी हे दोघे महिना महिना एकमेकांच्या छपरात पाऊल टाकत नसत. दार मागे नेलं, गाडीच्या पूर्ण रुंदीचं. छत उचललं, वाहणारा माणूस आत ताठ उभा राहील इतकं. पुढे जामसिंग, मागे आवारातलं एखादं पोर, असे रोज बांबू घेऊन आत-बाहेर करायचे आणि झोळीत सालेहाने पाठवलेलं गव्हाचं पोतं असायचं. तरी बांबू फूटभर बाहेर राहायचा, दार लागायचं नाही. बांबू तोडा, असं भूपेंद्र म्हणाला. धनुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो शब्द त्याने गिळला. दोघांच्या चालीत अंतर लागतं, बांबू आखूड केला तर मागच्याचा गुडघा झोळीला लागतो. हे आम्हाला कुठल्या नकाशाने सांगितलं असतं?

मग जगदीशने केबिनकडच्या भिंतीला वरच्या अंगाला भोक पाडलं आणि केबिनच्या टपावर एक पेटी बसवली. बांबूचं नाक त्या पेटीत जाणार. नेमका तिथे भूपेंद्रचा बटणांचा बोर्ड होता. एरवी या बोर्डावरून आठवडाभर चिठ्ठ्या गेल्या असत्या आणि शेवटी योगेंद्रभाईंना खिडकीतून ओरडावं लागलं असतं. भूपेंद्र तिथेच उभा होता, बांबू अडतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. जेवायच्या सुट्टीआधी त्याने बोर्ड हलवला.

तोटाही होत होता, तो लपवत नाही. माझ्या छपरात माझ्या गैरहजेरीत एका उसाच्या गाडीवर पोरांनी कमळ काढलं, ते कोबीसारखं दिसत होतं. शौकतच्या पुतण्याने एक चॅनल उलटा जोडला. खातं असतं तेव्हा चुकणाऱ्याच्या मागे मिस्त्री उभा असतो. मिस्त्रीच उठून गेला तर शिकवायचं कोणी? हे मी जगदीशमार्फत शौकतला ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळचा एक तास चारही मिस्त्रींनी आपापल्या छपरात घालवायचा, असं त्याने ठरवलं. माझं म्हणणं त्याने मानलं, आणि मला तेही आवडलं नाही. रागावलेल्या माणसाचं असंच असतं.

सतराव्या दिवशी उतरणीची भानगड झाली. ट्रकला मागे खाली पडणारा फाळका असतो, तसा फाळका शौकतने केला होता. तो उघडला की जमिनीला टेकतो आणि त्याच्यावरून चालत आत जायचं. झकास कल्पना. धनुबाईने बादलीभर पाणी मागवलं, फाळक्यावर ओतलं आणि जामसिंगला अनवाणी चढायला लावलं. तो दुसऱ्याच पावलाला घसरला. पोतं खाली आलं, गहू सगळीकडे. शौकतचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने खाचांचा पत्रा आणला, तर त्याच्या कडा जामसिंगच्या तळव्याला बोचल्या आणि खाचांत चिखल भरला. आडव्या सळया मारल्या, तर पाय अडखळू लागला. खांद्यावर झोळीचं ओझं, नजर समोर, पायाखाली दिसत नाही. संध्याकाळ होत आली. शौकत फाळक्यावर बसून राहिला, हातात वेल्डिंगची काच घेऊन, तीही डोळ्यांपुढे धरायची विसरून.

मी डब्यावरून उठलो. सतरा दिवस पायच बघत होतो मी. जामसिंगचे पाय कुठे पडतात, कुठे सरकतात, सगळं पाठ झालं होतं.

"शौकतभाई," मी म्हटलं, "लोखंडनं काम नही हाई. रंगनं शे."

त्याने मान वर केली. बारीक वाळू चाळून घेतो, मी सांगितलं. रंगाचा हात दिला की ओल्यावर वाळू भुरभुरायची, रंग वाळला की वरून दुसरा हात. पाय धरील आणि बोचणारही नाही. आणि रंग पिवळा, म्हणजे उजेड कमी झाला तरी उतरण दिसेल. शौकत उठला, चाळणी शोधायला निघून गेला. पाठमोरा असताना त्याने डोळे पुसले, ते मी पाहिलं. त्याच्या आधी माझेच भरून आले होते. इतके दिवस ज्याच्यावर दात खात होतो, त्याने मला पहिल्या दिवसापासून तिथे का बसवलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

विसाव्या दिवशी आम्ही सगळे गाडीत बसून मोलगीला गेलो. मोलगीच्या पुढे पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे गाडी उभी केली. पोतं आता नको, धनुबाई म्हणाली, आणि स्वतः झोळीत शिरली. जामसिंग पुढे, पाड्यावरून आलेला त्याचा भाऊ मागे. वरून उतरत आले, थांबले नाहीत, पिवळ्या उतरणीवरून सरळ आत चढले. बांबूचं नाक टपावरच्या पेटीत गेलं, दोन्ही टोकांना शौकतने केलेल्या आकड्यांत बांबू बसला, पट्टे लागले, दार बंद. हेमांगीताईंनी घड्याळ पाहिलं, मिनिटही झालं नव्हतं. घाटात एक फेरी मारून गाडी परत आली.

दार उघडलं. धनुबाई झोळीतच पडून होती. जामसिंगने हात दिला तरी उठेना. आम्ही घाबरलो.

"मायबाई, काय हुयनं?" शौकतने विचारलं. "कथं लागनं का?"

"नही. भुईले लागनू नही मी," ती म्हणाली. "चांगली शे गाडी." मग म्हणाली, "पन डोकाजोडे कोन बठी? मी मन्ही सूनना हात धरेल व्हता. पिकअपमा जागा नही म्हनीसन माले उतारी दिधं."

एवढे दिवस सगळे झोळीतल्या माणसाचा विचार करत होतो. हात धरणाऱ्याची जागा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, तिच्याही नाही. झोळीत पडल्यावरच ते तिला आठवलं होतं.

जुन्या पद्धतीने ही तक्रार विसरवाडीला गेली असती, कागद झाला असता, चार छपरं फिरली असती आणि तोवर घाट बंद झाला असता. पण गाडीचे चारही मिस्त्री गाडीपाशीच उभे होते. शौकत मोलगीच्या बाजारात जाऊन एका वेल्डिंगवाल्याचं मशीन मागून घेऊन आला. हेमांगीताईंनी औषधाच्या कपाटातली खालची फळी काढायला परवानगी दिली, जगदीशने ती तिथल्या तिथे कापली. डोक्याकडे जी वायर आड येत होती ती भूपेंद्रने वर घेतली. शौकतने दोन लोखंडी कोन जोडले आणि झोळीच्या डोक्याकडे माणूस टेकेल अशी फळी बसली. रंग वाळायला वेळ नव्हता. मी नुसती कानस मारून तिच्या कडा गुळगुळीत केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एक लाकूड बिनरंगाचं सोडलं.

आता आमच्या आवारात प्रत्येक गाडीला तिची स्वतःची माणसं असतात. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तीच, आणि छपरांत फक्त हत्यारं आणि सकाळची शिकवणी. लोक बघायला येतात आणि शौकतला विचारतात की ही अक्कल कुठून आली. तो चहा गार झाला म्हणून ओरडतो आणि उत्तर द्यायचं टाळतो. मी मात्र सांगतो. मोलगीच्या त्या वाटेवर काय झालं तेवढंच सांगतो.

फळी बसली तेव्हा शौकत म्हणाला, "माय, बठीसन देख." धनुबाई आत गेली आणि फळीवर बसली. समोर रिकामी झोळी लोंबत होती. तिने तिच्या कडेला हात ठेवला, जिथे आतल्या माणसाचा हात आला असता तिथे, आणि तशीच बसून राहिली. आम्हाला परत निघायला उशीर होत होता. पण तिला उतर असं आमच्यापैकी कोणी म्हणालं नाही.